नर्मदा आली, नेट गेलं

इंदूरच्या रामबागेत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. जलूदहून 70 किलोमीटर आलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीत काही आपोआप चढत नाही, म्हणून 'नर्मदा आली' असा पुकारा झाला की गल्लीभर मोटारी सुरू होतात. फायबर यायच्या आधी, टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड होतं तेव्हा, नेमक्या त्याच वेळी आमच्या मॉडेमचा दिवा लुकलुकायला लागायचा. काकांचा सिद्धांत तयार होता: तारेत पाणी शिरतं.

लाइनमन आला, फोनवरून एक्सचेंजमध्ये कुणाशी तरी बोलला आणि 'प्रोफाइल बदलली' म्हणून गेला. वेग कमी झाला. नेट जायचं ते जातच राहिलं.

एडीएसएल2+ मध्ये, म्हणजे तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड चालवायच्या पद्धतीत, तारेवरच्या 2.2 मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींचे 512 पट्टे पाडतात. तळाचे थोडे बोलण्यासाठी मोकळे सोडतात. बाकीच्या प्रत्येक पट्ट्यात किती खरखर आहे ते जोडणी होताना मॉडेम आणि एक्सचेंजमधलं त्याचं जोडीदार यंत्र, डीएसलॅम, मोजतात आणि त्यानुसार त्यावर बिट लादतात, फार तर 15. ही खेप सेकंदाला 4000 वेळा जाते. किती हावरटपणे लादायचं, ते प्रोफाइल, म्हणजे एक्सचेंजमध्ये लावलेल्या सेटिंगचा संच, ठरवते. खरखर पुढे वाढेल म्हणून थोडी जागा राखायची, तिला मार्जिन म्हणतात. साधारण 6 डेसिबल. ते 9 केलं की दर पट्ट्यामागे सुमारे एक बिट कमी होतो. 250 पट्टे वापरात असतील तर 250 गुणिले 4000, म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट गेले. आमचा वेग गेला तो इथे.

पण मोटारीचा उपद्रव खरखरीचा नव्हताच. मोटार सुरू होताना उडणाऱ्या ठिणगीसरशी तारेवर एक जोरदार फटका बसतो. तो क्षणभरच टिकतो, पण तेवढ्यात सगळ्या पट्ट्यांवरची एखादी अख्खी खेप खराब होते. तिथे 3 डेसिबल जास्तीचं मार्जिन काय करणार? फटके लागोपाठ बसले की मॉडेम हार मानून जोडणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

यावरचा उपाय प्रोफाइलमधल्याच दुसऱ्या रकान्यात होता: इंटरलीव्हिंग. दहा ओळी दहा पोस्टकार्डांवर न लिहिता प्रत्येक ओळीची अक्षरं दहाही कार्डांवर विखरायची. एक कार्ड हरवलं तर प्रत्येक ओळीतलं एकच अक्षर जातं, आणि 'राज_डा' वाचून इंदूरकर अडत नाही. मॉडेमला असा अंदाज बांधता येत नाही, म्हणून सोबत चूक सुधारण्यासाठी हिशेबाचे काही बाइट जास्तीचे पाठवतात. फक्त सगळी कार्डं येईपर्यंत थांबावं लागतं, बहुधा 8 किंवा 16 मिलिसेकंद.

दुसऱ्या खेपेला आलेल्या लाइनमनने 'मोटर चालू झाल्यावरच जातं का?' एवढंच विचारलं. मला तो प्रश्न सगळ्या यंत्रांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याने इंटरलीव्हिंगची प्रोफाइल लावून घेतली. पुढच्या पाण्याच्या दिवशी दिवा स्थिर होता. धाकटा भाऊ मात्र गेममध्ये पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, वाढलं म्हणून आठवडाभर कुरकुरला.

काका अगदीच चुकले होते असंही नाही. जोडावर खरंच ओल शिरली की सिग्नल क्षीण होतो, खरखर वाढते आणि मार्जिन आटतं. पहिल्या लाइनमनचं औषध त्या दुखण्यावर चाललं असतं. पुढच्या आषाढात काकांनी खांबावरच्या डब्याला प्लास्टिकची पिशवी बांधून घेतली.