क्वोटा भरला म्हणून सॅम्पल स्ट्रॅटिफाइड होत नाही

स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग सगळ्यांना येतं, गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून रँडम माणसं उचलायची, त्यावर वेळ घालवत नाही. घोळ होतो तो क्वोटात, म्हणजे प्रत्येक गटातून किती माणसं घ्यायची एवढाच आकडा ठरलेला असतो त्या पद्धतीत, कारण तिथेही गटच पाडलेले असतात आणि रिपोर्टमधलं टेबल दोन्हीकडे सेम टू सेम दिसतं.

समजा नाशिकमध्ये पाणीपुरवठ्यावर सर्व्हे करायचाय. महापालिकेचे सहा विभाग, पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड, प्रत्येकातून 50 जण, निम्म्या बायका निम्मे पुरुष. इथपर्यंत फरक शून्य. पण सातपूरचे ते 50 जण नेमके कोण, हे ठरवलं कुणी? क्वोटात ते फॉर्म भरून घेणारा पोरगा ठरवतो. तो सकाळी अकराला चौकात उभा राहणार, टपरीवर जो बोलायला तयार त्याला धरणार, फर्स्ट शिफ्टवाला तेव्हा कंपनीत, नाईटवाला घरी झोपलेला, आणि तरी 25-25 चा आकडा बरोब्बर जुळणार. स्ट्रॅटिफाइडमध्ये आधी मतदार यादी घ्यायची, त्यातून रँडम नंबर काढायचे आणि ज्याचा नंबर निघाला त्याच्याच दारात जायचं. कुलूप असलं तर संध्याकाळी परत जायचं, रविवारी परत जायचं. शेजारच्या काकू घरी आहेत म्हणून त्यांचाच फॉर्म भरून टाकला की संपलं, एवढी यादी काढून शेवटी तुम्हीही जो सापडला तोच घेतला. हे सर्रास चालतं आणि रिपोर्टमध्ये कुणी लिहीत नाही.

अमेरिकेत 1948 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हेच गाजलं. निवडणुकीचे अंदाज काढणाऱ्या गॅलप संस्थेच्या लोकांना एरिया, वय, स्त्री-पुरुष, भाडं किती असे क्वोटे दिलेले, त्या चौकटीत कुणाला विचारायचं ते त्यांच्यावर. गॅलपने रिपब्लिकन उमेदवार ड्युईला 50 टक्के दिले, पडले 45, जिंकला डेमोक्रॅट ट्रुमन. पोल लवकर थांबवले हेही एक कारण होतं, मान्य, पण 1936, 1940, 1944 तिन्ही वेळा गॅलपचा आकडा रिपब्लिकनांकडेच झुकलेला होता, जिंकणाऱ्या डेमोक्रॅट रूझवेल्टचं लीड मोठं म्हणून झाकलं गेलं एवढंच. बऱ्या वस्तीतले, पटकन भेटणारे लोक रिपब्लिकन जास्त असायचे, आणि क्वोट्याचा कुठलाच कॉलम ते पकडत नव्हता.

आता माझी खरी चिडचिड. कॉलेज रोडला मित्रमंडळींकडून गुगल फॉर्म भरून घ्यायचा आणि वर लिहायचं सॅम्पल साईज 384, कॉन्फिडन्स 95 टक्के, मार्जिन 5 टक्के, म्हणजे खरा आकडा आमच्या आकड्याच्या फार तर पाच टक्के अलीकडे-पलीकडे असेल याची 95 टक्के खात्री! अरे बाबांनो, तो 384 ज्या फॉर्म्युल्यातून येतो तो सिंपल रँडम सॅम्पल, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जायची सारखीच संधी, गृहीत धरतो. कुणाची निवड व्हायची शक्यता किती हेच माहीत नसेल तर मार्जिन काढणार कशावरून? अशा फॉर्मचे 4000 केले तरी तेच.

बाकी कन्व्हिनियन्स म्हणजे जो समोर तो, पर्पझिव्ह म्हणजे मुद्दाम निवडलेला, यात गोंधळण्यासारखं काही नाही. स्नोबॉलला मात्र उगाच नावं ठेवतात, ज्यांची यादीच नाही असे लोक, परप्रांतातून आलेले नाका कामगार वगैरे, त्यांच्यापर्यंत एकाच्या ओळखीने दुसरा असंच पोचता येतं. यादी नाही, पैसे नाहीत, तर क्वोटा करा, माझी काही हरकत नाही. फक्त क्वोटा असं लिहा आणि तो मार्जिनचा प्लस-मायनस खोडा.