गाडी लागते? बोट लागते? बुकिंग करतानाच सांगा

कोल्हापूरहून फोंडा घाटाने मालवणला येणाऱ्या आमच्या गाडीत दाजीपूर सुटलं की एखादा तरी प्रवासी गप्प होतो. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, सारख्या जांभया. कोणाला सांगत मात्र नाही, लाज वाटते ना! लाजू नका. चालकाच्या शेजारची सीट आम्ही अशांसाठीच ठेवतो, पण आधी कळलं तर.

गाडी लागते ती पोटामुळे नव्हे, कानामुळे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, "आपण वळतोय". मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात, "आपण जागच्या जागी आहोत". मेंदूचा गोंधळ उडतो आणि मळमळ सुरू होते. चालकाला पुढचं वळण आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला सहसा लागत नाही. जास्त त्रास 2 ते 12 वर्षांच्या मुलांना, गरोदर बायकांना आणि अर्धशिशी असणाऱ्यांना होतो.

तेव्हा घाटात मोबाइल बंद, काच थोडी खाली, डोकं सीटला टेकलेलं आणि नजर लांब रस्त्यावर. निघताना इडली किंवा पोळी असं हलकं काही खा. उपाशीपोटी निघू नका आणि वडापाव हाणूनही नको. आलेपाकाने बऱ्याच जणांना बरं वाटतं. पेपरावर बसलं की गाडी लागत नाही, असंही म्हणतात. त्याचा गुण आम्ही पाहिलेला नाही, पण पेपर गाडीत असतो, भलत्याच कामी येतो.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. ती निदान तासभर आधी पोटात जायला हवी. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, म्हणून स्वतः गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलाला तर देऊच नका. गरोदरपण, काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. स्कूबा करणार असाल तर गोळी घेतल्याचं तिथल्या प्रशिक्षकाला सांगाच.

बोटीचं गणित थोडं वेगळं. सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी छोटी, तिथे सहसा काही होत नाही. डॉल्फिन बघायला गेल्यावर मात्र तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, इंजिन मंद करतो, बोट लाटांवर डोलू लागते, त्यात डिझेलचा वास. खरा त्रास तेव्हाच होतो. दुपारी वारा वाढतो, म्हणून सकाळची फेरी घ्या. बसायचं बोटीच्या मध्यावर. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, फोटो छान येतात, पण हेलकावेही तिथेच जास्त. आमचा खलाशी पोरांना ओरडतो, "खाली बघू नको, लांब बघ!" म्हणजे क्षितिजाकडे. सुरमईचं ताट मात्र फेरीहून परत आल्यावरच.

उलटी येतेय असं वाटलं तर एकट्याने काठावर वाकू नका. खलाशाला हाक मारा, तो धरतो. लाइफ जॅकेट काढायचं नाही आणि वारा येतो त्या बाजूला तोंड करायचं नाही, नाहीतर शेजारच्यांची आंघोळ होते. नंतर पाणी घोटघोट प्या, गटागटा नाही. उतरल्यावर तासा-दोन तासांत बहुतेकांना बरं वाटतं. उलट्या थांबल्याच नाहीत तर आम्हाला फोन करा, दवाखान्यात न्यायला आमची गाडी येईल.