मन भटकलं, हे कळतं तो क्षण

डोळे मिटून बसा आणि श्वास मोजायला लागा. एक, दोन, तीन... चार-पाच श्वासांपर्यंत सगळं नीट चालतं. मग कधीतरी एकदम ध्यानात येतं, की मोजणी केव्हाच सुटलीये आणि आपण कालच्या वादावादीत नाहीतर उद्याच्या कामात पार गुंतलोय. बहुतेक जण इथेच हात टेकतात. मन एकाग्र होत नाही, म्हणजे ध्यान आपल्याला जमणारी गोष्ट नाही, असं ठरवून उठतात. मलाही कितीतरी दिवस तसंच वाटायचं. पण गेल्या काही दशकांतलं मेंदूविज्ञान वाचताना माझी खात्री पटली, की ध्यानातलं खरं काम याच क्षणी होतं. मोजणी सुटली हे कळतं, तेव्हा.

या क्षणाचं जवळून निरीक्षण झालेलं आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात वेंडी हॅसनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना एफएमआरआय यंत्रात झोपवलं. मेंदूच्या कुठल्या भागात रक्तपुरवठा वाढतोय हे पाहून तिथलं काम वाढल्याचा अंदाज हे यंत्र देतं. सूचना एवढीच होती : श्वासाकडे लक्ष ठेवा, आणि मन भटकलंय असं कळलं की हातातलं बटण दाबा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बटणाच्या मागच्या-पुढच्या काही सेकंदांची चित्रं एकामागे एक लावली गेली, आणि त्यांतून एक क्रम दिसला. बटण दाबण्याआधी मेंदूतल्या एकमेकांशी जोडलेल्या भागांचं एक जाळं जागं असतं. मग 'अरे, मी भटकलो' या जाणिवेच्या वेळी दुसरं जाळं उसळतं. ठळक, दखल घेण्याजोगं काय आहे ते हेरणारं हे जाळं. इन्सुला नावाचा, शरीराच्या आतल्या खबरी ठेवणारा भाग त्यात येतो. आणि लक्ष श्वासाकडे परत आणताना कपाळामागचे, नियोजन आणि नियंत्रण सांभाळणारे भाग कामाला लागतात. भटकणं, कळणं, वळणं, टिकणं असा हा फेरा, आणि एका बैठकीत तो पुन्हा पुन्हा पूर्ण होतो.

भटकताना जागं असणारं जे जाळं, त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण ऊर्जेतला त्याचा वाटा जवळपास २० टक्के. आपण काहीही न करता नुसते पडून असलो तरी हा खर्च फारसा कमी होत नाही. २००१ साली मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की रिकाम्या वेळी मेंदूतले ठरावीक भाग उलट अधिक सक्रिय असतात आणि एखादं काम हाती घेतलं की ते शांत होतात. त्यालाच पुढे डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणू लागले. आठवणी उगाळणं, भविष्याचे बेत, लोक आपल्याबद्दल काय म्हणत असतील याचा हिशेब, थोडक्यात 'मी' भोवती फिरणारा सगळा विचार या जाळ्याशी जोडलेला आहे. आणि आपण तिथे बराच काळ घालवतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित फोनवर विचारलं गेलं, की या घडीला तुमचं मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं.

जडसन ब्रूअर यांच्या गटाने २०११ साली अनुभवी साधक आणि नवशिके यांची तुलना केली. ध्यानाचे तीन प्रकार तपासले, आणि तिन्हींत अनुभवी साधकांमध्ये या जाळ्याचे मुख्य भाग जास्त शांत होते. 'मी'चं स्वगत थांबत नसेल कदाचित, पण त्याचा आवाज उतरतो.

याच्या कितीतरी आधी, विजेच्या लहरी मोजणाऱ्या ईईजीच्या काळात, दोन प्रयोग झाले होते. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचायला मला फार आवडतात. डोळे मिटून निवांत बसलं की मेंदूत सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात. मध्येच आवाज झाला तर त्या तुटतात. तोच आवाज वारंवार होत राहिला तर मेंदू सरावतो आणि दखल घेणं सोडून देतो. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या बी. के. आनंद आणि सहकाऱ्यांनी समाधीत बसलेल्या योग्यांवर प्रखर प्रकाश टाकला, मोठे आवाज केले, गरम काचनळी टेकवली. अल्फा लहरी तुटल्याच नाहीत. १९६६ साली जपानमध्ये कासामात्सू आणि हिराई यांनी झेन साधकांना ठरावीक अंतराने 'टक्' असा आवाज ऐकवला. तिथे उलट घडलं. प्रत्येक आवाजाला लहरी तुटल्या, दर वेळी पहिल्यासारख्याच. एकीकडे दारं मिटलेली जाणीव, दुसरीकडे प्रत्येक 'टक्' जणू पहिल्यांदाच ऐकणारी जाणीव! ध्यान ही एकच गोष्ट नाही, प्रकारानुसार मेंदूतली अवस्था बदलते, हा विचार इथून रुजला. मात्र १९८१ साली बेकर आणि शापिरो यांनी तोच प्रयोग झेन, योग आणि भावातीत ध्यान करणाऱ्यांवर काळजीपूर्वक केला, तेव्हा हा फरक सापडला नाही. आधीच्या प्रयोगांत माणसं मोजकीच होती. गोष्ट सुंदर असली तरी पुरावा कच्चा राहिला, हे सांगितलंच पाहिजे.

हाच सावधपणा पुढच्या संशोधनालाही लागू आहे. २००४ साली अंत्वान लुट्झ आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी १०,००० ते ५०,००० तास साधना केलेल्या ८ बौद्ध साधकांच्या मेंदूत अतिशय जोरकस, एका तालात चालणाऱ्या गॅमा लहरी (अल्फापेक्षा बऱ्याच वेगवान) नोंदवल्या. हे साधक त्या वेळी निरपेक्ष करुणेचं ध्यान करत होते. निकाल थक्क करणारा होता. पण हे साधनेमुळे झालं, की असा मेंदू असणारी माणसंच इतकी वर्षं साधना करू शकतात, हे त्यावरून ठरत नाही. २०११ साली आठ आठवड्यांच्या सजगतेच्या अभ्यासक्रमानंतर मेंदूतला करडा भाग (चेतापेशींनी भरलेला) वाढल्याचं एका लहान अभ्यासात दिसलं आणि 'ध्यानाने मेंदू वाढतो' हे वाक्य जगभर पसरलं. २०२२ साली त्याच अभ्यासक्रमाची दोनशेहून अधिक लोकांवर काटेकोर तपासणी झाली, तेव्हा मेंदूच्या रचनेत तसा बदल आढळला नाही. ते पहिलं वाक्य अजूनही बिनधास्त फिरतंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ध्यानाला अशा कुबड्यांची गरज नाही.

कारण रचना बदलो न बदलो, अनुभव बदलतो. फादेल झैदान यांच्या प्रयोगात १५ जणांच्या पोटरीला ४९ अंश सेल्सिअसचा चटका दिला गेला. चार दिवस रोज वीस मिनिटांचं ध्यान शिकल्यावर, ध्यान करत असताना वेदनेची तीव्रता सुमारे ४० टक्के आणि तिचा त्रास ५७ टक्के कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. दोन आकड्यांमधलं अंतर बघा. वेदना जाणवणं आणि वेदना नकोशी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ध्यान दुसरीवर जास्त चालतं. अर्थात हे सगळ्यांना सारखंच मानवत नाही. दीर्घ मौन शिबिरांत काहींची अस्वस्थता वाढते, जुने आघात वर येतात. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी आणि औषधं मनाने बंद करू नयेत.

जाणिवेचा अभ्यास करणाऱ्यांपुढे मूळ अडचण ही, की अनुभव बाहेरून दिसत नाही. यंत्राला रक्तातला प्राणवायू कळतो, 'कसं वाटतंय' ते कळत नाही. ते सांगणारं माणूसच लागतं, आणि स्वतःच्या मनाकडे बघायची सवय असलेलं लागतं. कॅथलीन गॅरिसन आणि ब्रूअर यांनी २०१३ साली नेमकं हेच केलं. डिफॉल्ट जाळ्यातल्या पोस्टीरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स या एका भागाचा आलेख त्यांनी ध्यान करणाऱ्यांना यंत्रातच, त्या त्या क्षणी दाखवला आणि नंतर विचारलं, आत काय चाललं होतं? साधकांच्या सांगण्यानुसार लक्ष विचलित न होता आपसूक टिकलं होतं, तेव्हा आलेख खाली गेलेला होता. मन भटकलं होतं तेव्हा तो वर होता. आणि श्वासावर पकड घट्ट करण्यासाठी, मनाला ताब्यात ठेवण्यासाठी ते धडपडत होते, तेव्हाही तो वरच होता.