वारसा की उपकरप्राप्त? गिरगावच्या चाळींमागची गोष्ट

गिरगावात एखादी चाळ उतरवून टॉवर उभा राहतो, तेव्हा ‘वारसा गेला’ आणि ‘एकदाचं हक्काचं घर मिळालं’ ही दोन्ही वाक्यं एकाच गल्लीत ऐकू येतात. दोन्ही मनापासूनची असतात. पण वाद आज दिसतो तितका ताजा नाही. त्याचा निकाल १९९९ मध्येच बराचसा लागला होता.

मुंबईच्या दक्षिण टोकाची गोष्ट वेगळी. १८६०च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली, मोकळ्या जागेवर गॉथिक धाटणीच्या सरकारी इमारती उठल्या. १९३०च्या दशकात ओव्हल मैदानाच्या पलीकडे आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग आली. २०१८ मध्ये अशा ९४ इमारती जागतिक वारसा ठरल्या. न्यायालय, विद्यापीठ अशी मालकी असली की डागडुजीला कोणी ना कोणी धनी असतो.

चाळींना तो नव्हता. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंसाठी तो मोठाच आधार होता, पण त्या भाड्यात मालक कौलंही बदलेना. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती उपकर (दुरुस्तीसाठी इमारतींवर बसवलेला जादा कर) आला आणि डागडुजी सरकारी मंडळाकडे गेली. इमारतींचे वयानुसार वर्ग पडले. सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात, त्यानंतर सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात.

‘उपकरप्राप्त’ हा शब्द नीट कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. ऐकायला तो सवलतीसारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की या इमारतीतून उपकर घेतला जातो. तिच्या नक्षीबद्दल, तिच्या चौकाबद्दल तो काहीच सांगत नाही. १९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली लागू झाली आणि यादीत सहाशेहून जास्त नोंदी आल्या. श्रेणी एक (सर्वांत महत्त्वाची), दोन, तीन आणि त्याशिवाय वारसा परिसर. गिरगावातली खोताचीवाडी अशा परिसरांपैकी. आता एकाच इमारतीवर दोन शिक्के बसू लागले. तिचं वय वारशाच्या यादीत गुण ठरत होतं आणि उपकराच्या यादीत धोका.

१९९९ मध्ये राज्य सरकारने यातला एक शिक्का हलका केला. श्रेणी तीनमधल्या आणि वारसा परिसरांतल्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास वारसा समितीच्या, म्हणजे यादीतल्या इमारतींतले बदल तपासणाऱ्या समितीच्या, कक्षेतून जवळपास बाहेर काढला. त्याच वर्षी अशा पुनर्विकासासाठी अडीच एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण), किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागेल तेवढं क्षेत्र आणि त्यावर त्याच्या निम्मं किंवा त्याहून जास्त प्रोत्साहनपर क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल ते मिळू लागलं. शहर भागात साधा एफएसआय १.३३ होता, हे लक्षात घेतलं की ओढ कुठे होती ते समजतं.

माझ्या मते खरी चूक इथे झाली, आणि ती भाडेकरूंची मुळीच नव्हती. न वापरलेल्या एफएसआयच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देण्याची सोय वारसा नियमांत होती. पण दाटीवाटीच्या चाळींनी आपल्या वाट्याहून जास्त एफएसआय आधीच वापरलेला असे, विकायला शिल्लक काही नसे. म्हणजे पाडलं तर पैसा, राखलं तर पदरचा खर्च. गिरगावात अशा चाळीच्या जिन्यातून वर गेलं की गॅलरीला लोखंडी टेकू दिसतात. सागवानी खांब अजून धडधाकट असतो, त्याच्या डोक्यावरचं तुळईचं टोक मात्र पावसाने कुजलेलं असतं. तो एक सांधा सुताराकडून बदलून घेता आला असता. टेकू मात्र वर्षानुवर्षं तसेच राहिले.

पुढे २०१२ मध्ये वारसा यादीत साडेनऊशेच्या आसपास नव्या नोंदींचा प्रस्ताव आला. त्यात शिवाजी पार्क होतं, आणि रहिवाशांचा विरोध तिथूनच जोरात उठला. त्या विरोधाला वारशाचा तिटकारा म्हणणं अन्यायाचं होतं. गिरगावात काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. यादीत नाव आलं की दुरुस्तीलाही परवानगी लागते, खर्च मात्र आपलाच राहतो, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भेंडीबाजारात जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं गेली आणि ‘पाडा’ म्हणणाऱ्यांचा आवाज साहजिकच वाढला.

खोताचीवाडीत एकेकाळी ६५ बंगलीवजा घरं होती. आज निम्मीही उरलेली नाहीत.