एप्रनपेक्षा नळीचं तोंड बघा

मुलाच्या दातांचा एक्स-रे म्हटलं की पालक आधी शिशाचा एप्रन मागतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मात्र २०२४ मध्ये एप्रन आणि गळ्याची कॉलर वापरणं थांबवावं, असं सुचवलं. पोटापर्यंत जे थोडे किरण जातात ते डोक्यात विखरून शरीराच्या आतूनच खाली उतरतात; बाहेरचं शिसं त्यांना अडवणार कसं? ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) तर कॉलर चित्रात येते आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. काही ठिकाणी नियमाने एप्रन सक्तीचा आहे, तिथे तो घालावाच.

खरी बचत किरणांच्या झोताच्या आकारात आहे. यंत्राच्या नळीचं तोंड बहुधा गोल, ६ सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे झोत सुमारे २८ चौरस सेंटिमीटरचा. चित्र टिपायला तोंडात ठेवतात ती लहान मुलांची '० नंबर' प्लेट २२ बाय ३५ मिलिमीटरची, जेमतेम ८ चौरस सेंटिमीटर. उरलेला जवळजवळ पाऊण झोत चित्राच्या काहीच कामाचा नाही. तो गालावर, लाळग्रंथींवर पडतो, आणि मुलांची मान आखूड असल्याने थायरॉईडही फार लांब नसते. नळीला ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचं आयताकृती तोंड बसवलं की झोत १६ चौरस सेंटिमीटरवर येतो. विखुरलेले किरण घटतात, त्यामुळे चित्रही जास्त स्वच्छ दिसतं.

मग सगळेच का वापरत नाहीत? आयत जरा सरकला की चित्राचा कोपरा कोरा येतो. पुन्हा काढला की बचत संपली! म्हणून प्लेट हाताने धरायची नाही, कडीवाल्या होल्डरमध्ये बसवायची. मूल दाढांनी होल्डर घट्ट चावतं, कडी गालापर्यंत सरकवायची, नळी कडीला सपाट टेकवायची, आयताची लांब बाजू प्लेटच्या लांब बाजूला जुळवायची. उमासे येत असतील तर पुढच्या दातांपासून सुरुवात करावी.

डिजिटलमध्ये आणखी एक फसगत आहे. जास्त किरणांनी फिल्म काळी पडायची, चूक लगेच कळायची. आता सॉफ्टवेअर उजेड सावरून घेतं आणि यंत्र मोठ्यांच्याच सेटिंगवर राहिलेलं कोणाच्या लक्षात येत नाही.

दाढांमधल्या फटी डोळ्यांना दिसत असतील तर तिथली कीड शोधायला एक्स-रे लागत नाही. एरवी किडीचा धोका कमी असलेल्या मुलात १२ ते २४ महिन्यांनी, जास्त असेल तर ६ ते १२ महिन्यांनी पुरतो. दर तपासणीला एक, याला आधार नाही. घाबरण्यासारखंही काही नाही: अशा एका चित्राची किरणांची मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट (हे तिचं एकक) असते आणि निसर्गातूनच आपल्याला रोज सरासरी सहा-सात मिळतात. हल्लीच्या 'थ्रीडी स्कॅन'चा हिशेब वेगळा, तो दहापट ते शंभरपट जाऊ शकतो. नुसत्या किडीसाठी तो काढू नये.