संध्याकाळी घरात कोणता दिवा लावावा?

घर शांत, उबदार वाटावं म्हणून काय करावं, याचे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात. सुगंधी मेणबत्ती, नवे पडदे, कुंड्या आणि हमखास एक गुलाबी मिठाचा दिवा. भिंतीवरच्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबबद्दल मात्र कुणी बोलत नाही. खरं तर सुरुवात तिच्यापासूनच करायला हवी.

दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात, दंडाकार आणि शंकूच्या आकाराच्या, हे आपण शाळेत शिकलो. पण तिथे तिसराही एक प्रकार असतो. 1998 मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींत मेलानॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडलं. पुढे ते सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातही मिळालं. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवलं, की उंदरांच्या दृष्टिपटलातल्या काही गँग्लियन पेशी, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी, दंड-शंकूंची मदत नसतानाही प्रकाशाला प्रतिसाद देतात. हाच तो तिसरा प्रकार, आणि मेलानॉप्सिन असतं ते याच पेशींत. चित्र पाहणं हे त्यांचं मुख्य काम नाही. बाहेर उजेड किती आहे, एवढंच त्या मोजत राहतात. त्या सावकाश जाग्या होतात आणि दिवा विजल्यावरही काही काळ संदेश पाठवत राहतात.

तो संदेश मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राकायझमॅटिक केंद्रकाकडे, म्हणजे शरीराच्या मुख्य घड्याळाकडे जातो. तिथून तो मज्जारज्जूत उतरतो, मानेतल्या चेतागुच्छातून परत वर चढतो आणि पिनियल ग्रंथीपर्यंत पोचतो. उजेड असेल तर तिथलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, दबतं, आणि रात्र झाल्याची खबर शरीराला उशिरा मिळते. मेलानॉप्सिनला सर्वाधिक चेतवतो तो 480 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश.

पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा प्रकाश देणारी चिप असते, साधारण 450 नॅनोमीटरची. तिच्यावरचा फॉस्फरचा थर त्यातल्या काही निळ्याचं पिवळ्या-तांबड्यात रूपांतर करतो. 6500 केल्विनच्या, म्हणजे पांढऱ्याशुभ्र दिव्यात बरंच निळं तसंच बाहेर पडतं, 2700 च्या पिवळसर दिव्यात खूप कमी. ‘पिवळा दिवा म्हणजे मंद दिवा’ हा समज चुकीचा आहे. उजेड किती, ते लुमेन सांगतं. केल्विन फक्त रंगछटा सांगतं. खोक्यावर दोन्ही आकडे बघून घ्या.

दिवा कुठे आहे, यानेही फरक पडतो. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून वरून येणारा उजेड दृष्टिपटलाच्या खालच्या भागावर पडतो, आणि मेलाटोनिन दाबण्यात तोच भाग जास्त प्रभावी ठरल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे छतावरच्या दिव्यापेक्षा कोपऱ्यातला, नजरेच्या पातळीखालचा दिवा बरा. झोपेआधीच्या तीन तासांत डोळ्यांपाशी मेलानॉप्सिनच्या मापाने, म्हणजे त्याला चेतवणारा उजेड मोजून, 10 लक्सपेक्षा (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं एकक) जास्त उजेड नसावा, अशी शिफारस 2022 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने केली. दिवसा मात्र निदान 250 हवा. म्हणून सकाळी खिडक्या सताड उघडा.

आता तो मिठाचा दिवा. तो ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे कण, सोडून हवा शुद्ध करतो, हा दावा निराधार आहे. मिठातले आयन स्फटिकात घट्ट बांधलेले असतात. मीठ वितळायलाच 801 अंश सेल्सिअस लागतात, आतल्या छोट्या बल्बच्या उबेने काय होणार? त्याच्याजवळ बरं वाटतं ते मंद नारिंगी उजेडामुळे, आणि तो साध्या टेबललॅम्पमधूनही मिळतो.

घरात आजी-आजोबा असतील तर सगळं घर अंधुक करू नका. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, बाहुलीही लहान होते, त्यामुळे दृष्टिपटलापर्यंत तरुणपणापेक्षा बराच कमी उजेड पोचतो. त्यांच्या वाचायच्या खुर्चीशेजारी 2700 केल्विनचाच, पण भरपूर लुमेनचा दिवा ठेवा, आणि न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीलगत एक छोटा तांबूस दिवा रात्रभर राहू द्या.