ग्रीनवे, टॉमस
ग्रीनवे, टॉमस : (२५ मार्च १८३८ – ३० ऑक्टोबर १९०८). कॅनडातील व्यापारी, शेतकरी व मॅनिटोबा प्रांताचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री (१८८८–१९००). जन्म इंग्लंडमधील कॉर्नवॉलचा. लहानपणीच कुटुंब कॅनडात आले. ऑन्टॅरिओतील सेंट्रेलिया या छोट्या गावात त्याचे सर्व जिन्नस मिळणारे दुकान होते. तो आधी स्थानिक परिषदेचा प्रमुख आणि १८७५ मध्ये संसदेचा सदस्य झाला. १८७९ च्या सुमारास तो मॅनिटोबात गेला. तेथे त्याने क्रिस्टल सिटी हे गाव वसवले आणि लगेचच प्रांताच्या विधानसभेत प्रवेश मिळवला.

त्याचे राजकारण समजून घ्यायचे तर मालवाहतुकीच्या भाड्यापासून सुरुवात करावी लागते. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला रेल्वेची मक्तेदारी मिळालेली होती. गहू पाठवणारा शेतकरी आणि माल मागवणारा दुकानदार दोघेही तिच्या दराने जेरीस आले होते. ग्रीनवे स्वतः ही दोन्ही कामे केलेला. तो सत्तेवर आला त्याच वर्षी मक्तेदारीचे कलम रद्द झाले. तरीही विनिपेगजवळ नवा लोहमार्ग जुना ओलांडू लागताच कंपनीने क्रॉसिंगवर इंजिन आणून उभे केले. ‘फोर्ट व्हाइट’ नावाने ओळखली जाणारी ही झटापट रक्तपात न होता निवळली.

१८९० च्या कायद्यांनी मात्र त्याच्या कारकिर्दीला कायमचा डाग लागला. कॅथलिक शाळांचे सरकारी अनुदान बंद झाले, फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढून घेतला गेला. प्रांत स्थापन होताना दिलेला शब्द इथे मोडला गेला, असेच म्हणावे लागते. भाषेचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

१८९६ मध्ये पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए याच्याशी तडजोड झाली. शाळेचा शेवटचा अर्धा तास, साडेतीन ते चार, धर्मशिक्षणाला मिळाला. शाळेत इंग्रजीखेरीज दुसरी मातृभाषा असलेली दहा मुले असली, तर त्यांना त्या भाषेतून आणि इंग्रजीतून शिकवायचे ठरले. फ्रेंच भाषकांचे गेलेले हक्क यातून परत आले नाहीत. पण जर्मन, पोलिश व युक्रेनियन वसाहतकऱ्यांनीही या कलमाच्या आधारे आपापल्या भाषेच्या शाळा चालवल्या. १९१६ मध्ये ही सोय बंद करण्यात आली.

१९०० मध्ये सत्ता गेल्यावरही क्रिस्टल सिटीजवळची त्याची शेती आणि उत्तम जातीची जनावरे होतीच. १९०४ मध्ये तो पुन्हा संसदेत गेला. १९०८ मध्ये रेल्वे आयुक्त मंडळावर नेमणूक झाली, आणि लवकरच ओटावात त्याचे निधन झाले.